बीएस्सीनंतर इम्युनॉलॉजी आणि फिजिऑलॉजीतलं संशोधन: परीक्षा, गाइड, पहिले प्रयोग आणि पुढची वाट

इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकाराचा अभ्यास) आणि फिजिऑलॉजी (शरीरक्रियांचा अभ्यास) यांच्या संशोधनात यायचं म्हटलं की मुलामुलींना पहिल्यांदा 'नेट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल सांगितलं जातं. परीक्षा द्यावी लागतेच, पण तिचं काम फाटक उघडण्यापुरतं. पुढची पाच-सहा वर्षं कशी जाणार हे ठरतं ते गाइड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, कोण, प्रश्न कोणता आणि तुमच्या प्रयोगाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातूनही तेच येतं का, यावर. म्हणून इथे परीक्षेपेक्षा या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. बीएस्सीच्या शेवटच्या किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षात असलेल्या, महाराष्ट्र-गोव्यातल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे. एमबीबीएस झालेल्यांची वाट थोडी वेगळी आहे, ती शेवटाकडे येईल.

कोणती एमएस्सी?

नुसत्या इम्युनॉलॉजीची एमएस्सी आपल्याकडे फार कमी ठिकाणी आहे आणि ती नसल्याने काही अडतही नाही. प्राणिशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, लाइफ सायन्सेस यांपैकी कशातूनही येता येतं. निवडताना एकच पाहा: शेवटच्या सत्रात पूर्ण वेळ, प्रत्यक्ष प्रयोगांचा प्रकल्प आहे का. लेख वाचून लिहिलेला प्रबंध म्हणजे प्रकल्प नव्हे. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाचा पाठिंबा असलेल्या एमएस्सी अभ्यासक्रमांना 'गॅट-बी' परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि दरमहा विद्यावेतनही असतं. आयआयटी मुंबईच्या एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीसाठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

फिजिऑलॉजी आणि इम्युनॉलॉजी हे दोन विषय कॉलेजात वेगळ्या पेपरात येतात म्हणून ते वेगळे समजू नका. प्रयोगशाळेतले उंदीर साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात, कारण काम करणाऱ्या माणसांना ते बरं वाटतं. उंदराला मात्र ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं. म्हणजे आपल्या प्रयोगातला प्रत्येक उंदीर थोडा गारठलेला असतो, अंग गरम ठेवायला चरबी जाळत असतो आणि त्याच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनलिनचा जोर जास्त असतो. उबदार जागेत ठेवलेल्या उंदरांमध्ये काही कर्करोगाच्या गाठी हळू वाढतात आणि टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त नेटाने लढतात, असं दिसलेलं आहे. फिजिऑलॉजी न शिकलेला इम्युनॉलॉजिस्ट अशा ठिकाणी फसतो. तेव्हा नेटच्या अभ्यासक्रमातला प्राण्यांच्या शरीरक्रियांचा भाग मार्कांपुरता उरकू नका.

एमएस्सी चालू असतानाच करायच्या गोष्टी

उन्हाळी फेलोशिप मिळवा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादमी मिळून दोन महिन्यांची फेलोशिप देतात. अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर निघतात. मे महिन्यात लॅबमध्ये असायचं असेल तर दिवाळीच्या आधीच कागदपत्रं तयार हवीत. बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांत असाल तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'एनआययूएस' कार्यक्रमही पाहा.

फेलोशिपशिवाय थेट ईमेल पाठवूनही जागा मिळते, पण ईमेल नीट लिहायला हवं. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठे शिकता आणि कोणत्या तारखांना येऊ शकता ते सांगा. पुढे त्या लॅबच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका पेपरबद्दल एक खरा प्रश्न विचारा, पेपर वाचल्याशिवाय सुचणार नाही असा. मग हाताने काय केलं आहे ते लिहा: पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, सेल कल्चर, जे असेल ते, आणि ते कितीदा केलं तेही. एक पानाचा बायोडेटा आणि मार्कशीट जोडा. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला तर तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो आणि उत्तर येत नाही. दहा-बारा दिवस वाट पाहून एकदा नम्रपणे आठवण करून द्यावी, दुसऱ्यांदा नको.

एक गोष्ट हमखास राहून जाते: हिपॅटायटिस बीची लस. माणसाच्या रक्तावर काम करायचं तर ती घेतलेली असावी लागते. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत रक्ततपासणी करून अँटिबॉडीची पातळी १० मिलि-युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आहे ना, याची खात्री करतात. लॅबमध्ये रुजू झाल्यावर सुरुवात केली तर सहा महिने रक्ताच्या नमुन्यांना हात लावता येत नाही. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी घेऊन टाका आणि नोंदीचा कागद जपून ठेवा.

परीक्षा

सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा आणि २०० मार्कांचा. भाग 'अ'मध्ये २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. भाग 'ब'मध्ये ५० पैकी ३५, प्रत्येकी २. भाग 'क'मध्ये ७५ पैकी २५, प्रत्येकी ४. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा चौथा हिस्सा वजा होतो. निम्मे मार्क शेवटच्या २५ प्रश्नांवर आहेत आणि ते २५ कोणते हे तुम्ही निवडायचं आहे. खूप जण इथेच मागे पडतात: ७५ प्रश्न क्रमाने वाचत जातात आणि चाळिसाव्याला वेळ संपते. तयारीच्या काळातच ठरवा की अभ्यासक्रमाच्या तेरा घटकांपैकी सहा-सात पक्के करायचे आणि 'क' भागात आधी त्यांचेच प्रश्न शोधायचे. इम्युनॉलॉजी पेशींमधल्या संदेशवहनाच्या घटकात आहे, फिजिऑलॉजीला स्वतंत्र घटक आहे आणि प्रयोगपद्धतींचा शेवटचा घटक या दोन्हींना पूरक. हे तिन्ही सोडू नका. 'क' भागातले बरेच प्रश्न आलेख किंवा जेलचं चित्र देऊन निष्कर्ष विचारतात. त्यासाठी गाइडबुकांपेक्षा आठवड्याला एक मूळ पेपर, आकृत्यांवरून अर्थ लावत वाचणं जास्त उपयोगी पडतं.

नेटबरोबर बायोटेक्नॉलॉजी विभागाची 'बेट', आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफसाठीची (पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपसाठीची) परीक्षा आणि मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था घेते ती 'जेजीईईबिल्स' ही सामायिक परीक्षा द्यावी. शेवटची महत्त्वाची अशासाठी की तिच्या मार्कांवर टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र) आणि इतर बऱ्याच संस्था मुलाखतीला बोलावतात. याउलट पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या (एनसीसीएस) ठिकाणी स्वतःची फेलोशिप हातात असली तर दार सोपं. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ, सहायक प्राध्यापक पदाची पात्रता आणि फक्त पीएचडी प्रवेश. पैसे फक्त पहिल्या गटाला मिळतात. वयोमर्यादा आणि सवलती त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेल्यावर विसंबू नका.

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी समितीने काम तपासलं की वरच्या पायरीची एसआरएफ, ४२,००० रुपये. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. फेलोशिपचे पैसे कधी कधी काही महिने अडकतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा आणि पहिल्या वर्षात तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा.

गाइड निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. संस्थेचं नाव बघून जाणारे आणि मग वर्षभरात लॅब बदलणारे दर वर्षी दिसतात.

आधी भूगोल. एनसीसीएस पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. १९८६ साली पेशींच्या कल्चरची राष्ट्रीय सुविधा म्हणून ती सुरू झाली आणि आजही देशभरातल्या लॅब तिथून सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी) मागवतात. पाषाणला विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आयसर पुणे, शिवाय पुण्यातच विषाणूंसाठी राष्ट्रीय संस्था एनआयव्ही. मुंबईत परळच्या एका टापूत केईएम रुग्णालयाच्या आवारातली रक्तप्रतिकारशास्त्राची संस्था एनआयआयएच, प्रजननाच्या इम्युनॉलॉजीसाठी एनआयआरआरसीएच आणि हाफकिन संस्था आहेत. 'बॉम्बे' रक्तगटाचं पहिलं वर्णन डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतूनच केलं होतं, आणि रक्तातल्या दुर्मीळ प्रतिकारदोषांवर काम करायचं तर परळइतकी चांगली जागा क्वचित सापडेल, कारण रुग्ण आणि लॅब एकाच आवारात असतात. कर्करोगाच्या इम्युनॉलॉजीसाठी खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक. राज्याबाहेर दिल्लीची राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था, फरिदाबादची टीएचएसटीआय, बंगळुरूची आयआयएससी, चंदीगडची इमटेक.

आता गाइड. पबमेड या शोधनिबंधांच्या सूचीवर नाव टाकून गेल्या पाच वर्षांचे पेपर काढा आणि प्रत्येकाचं पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. पहिल्या नावावर विद्यार्थी असतील तर तिथे विद्यार्थ्यांचं काम पूर्णत्वाला जातं. नेहमी पोस्टडॉकच (पीएचडीनंतर काम करणारे संशोधक) पहिल्या नावावर असेल तर विद्यार्थी मधल्या जागांवर अडकतात. शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली आणि ते आज कुठे आहेत, हे शोधा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं असून दोन वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि दिव्यांगांना आणखी दोन. फेलोशिप मात्र पाच वर्षांचीच. सातव्या वर्षी माणूस विनापगार काम करत असतो, हे गणित आधी मांडा. त्याच नियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. गाइडची निवृत्ती कधी आहे हे विचारण्यात संकोच नको.

मग लॅबमध्ये जा आणि गाइड समोर नसताना विद्यार्थ्यांशी बोला. 'सर कसे आहेत' असं विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा:

- फ्लो सायटोमीटर (रंगीत खुणा लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) संस्थेतच आहे का, आणि त्यावर वेळ मिळायला किती दिवस लागतात?
- तुम्हाला हवी ती उंदरांची जात प्राणिगृहात आत्ता आहे का, की परदेशातून यायची आहे?
- चालू प्रकल्पाचं अनुदान कधी संपतं?
- शेवटची अँटिबॉडी ऑर्डर केल्यापासून हातात यायला किती दिवस लागले?
- लॅब मीटिंगमध्ये फसलेला प्रयोग मांडला तर काय होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त काही सांगून जातं. फसलेला प्रयोग दाखवायची भीती वाटते अशा लॅबमध्ये काही काळाने डेटा हवा तसा वळवला जातो, आणि तिथे कितीही मोठा पेपर निघत असला तरी जाऊ नये. अनुदानाचा प्रश्नही हलका नाही: रंगीत खूण जोडलेल्या अँटिबॉडीची एक छोटी कुपी वीस-तीस हजार रुपयांना सहज जाते आणि आठ-दहा रंगांच्या प्रयोगाला तशा आठ-दहा कुप्या लागतात.

रुजू झाल्यावर पहिले काही महिने

कोर्सवर्क चालू असतानाच परवानग्यांचे अर्ज टाका. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी आचारसंहिता समितीची मंजुरी लागते. तिचा 'फॉर्म बी' भरताना किती उंदीर, का तेवढेच, वेदना कशी कमी करणार आणि शेवटी त्यांना कसं मारणार, हे सगळं लिहावं लागतं. समितीची बैठक दर महिन्याला होत नाही आणि पहिल्या खेपेला प्रश्न विचारून अर्ज परत येणं नेहमीचं. अडकतो तो बहुधा उंदरांच्या संख्येवर. 'गटात सहा' असं नुसतं लिहू नका. किती फरक अपेक्षित आहे, मोजमापात किती चढउतार असतो आणि त्यावरून सहा कसे आले, ते मांडा.

माणसांच्या नमुन्यांसाठी वेगळी आचारसंहिता समिती. लॅबमधल्या मित्राचं पाच मिलि रक्त घेतलं तरी मंजुरी आणि लेखी संमती हवीच. संमतीपत्र सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं, म्हणजे परळ किंवा ससूनच्या रुग्णांसाठी मराठी आणि हिंदीही. मराठी मसुदा स्वतः मोठ्याने वाचून बघा आणि विज्ञान न शिकलेल्या एखाद्याला ऐकवा. 'परिघीय रक्तातील एककेंद्रकी पेशी' असं लिहिलेल्या कागदावर घेतलेली सही ही संमती होत नाही. जनुकबदल केलेल्या पेशी किंवा जंतू वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीचीही मंजुरी घ्या.

एक तंत्र जवळून: रक्तातून पीबीएमसी वेगळ्या करणं

मानवी इम्युनॉलॉजीत जवळपास सगळे या प्रयोगापासून सुरुवात करतात. पीबीएमसी म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी. त्या लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट या दाणेदार पांढऱ्या पेशींपेक्षा हलक्या असतात, म्हणून १.०७७ ग्रॅम प्रति मिलि घनतेच्या फायकॉल या द्रवावर तरंगतात आणि बाकीच्या तळाशी जातात. सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन किंवा ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घेतलेलं ५ मिलि रक्त तितक्याच पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) हलक्या हाताने मिसळा. १५ मिलिच्या दोन ट्यूबमध्ये प्रत्येकी ४ मिलि फायकॉल घ्या, खोलीच्या तापमानाला आलेलं. ट्यूब तिरकी धरून तिच्या भिंतीवरून ५ मिलि पातळ रक्त थेंबाथेंबाने सोडा. दोन थरांमधली रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवा: ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या चारशे पट जोर), ३० मिनिटं, १८ ते २० अंश, ब्रेक बंद. बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली पांढुरकं धुकट कडं, त्याखाली नितळ फायकॉल आणि तळाशी लाल थर दिसतो. ते पांढरं कडं पाश्चर पिपेटने गोल फिरवत उचला, फायकॉल कमीत कमी ओढून. तिप्पट पीबीएस घालून ३०० जीला १० मिनिटं धुवा. दुसऱ्यांदा धुताना २०० जी ठेवलं तर प्लेटलेट वरच राहून निघून जातात. मग ०.४ टक्के ट्रायपॅन ब्लूमध्ये समान प्रमाणात मिसळून हीमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीवर) मोजा: मोठ्या चौकोनातली सरासरी संख्या गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे एका मिलितल्या पेशी. निळ्या पडलेल्या पेशी मेलेल्या. निरोगी माणसाच्या ५ मिलि रक्तातून साधारण ५० लाख ते १ कोटी पेशी मिळाव्यात आणि ९५ टक्क्यांहून जास्त जिवंत असाव्यात.

काय बिघडतं? कडं दिसतच नसेल तर बहुधा ब्रेक चालू राहिला आणि थर ढवळले गेले. कड्यात लाल पेशी दिसल्या तर फायकॉल किंवा सेंट्रिफ्यूज थंड होतं. थंडीत फायकॉल दाट होतं आणि लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. ग्रॅन्युलोसाइट जास्त आले तर रक्त शिळं होतं. काढल्यापासून काही तासांत काम सुरू करा. २४ तास ठेवलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइटची घनता बदलते आणि तेही कड्यात येतात. पेशी कमी भरल्या तर घाईने रक्त ओतल्यामुळे ते फायकॉलमध्ये मिसळलं असणार.

आणि सगळ्यात सामान्य चूक: प्रोटोकॉलमध्ये '१५०० आरपीएम' (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं आणि तेच सगळीकडे लावलं जातं. खरा जोर जी-मध्ये मोजतात, आणि तो येतो ०.००००१११८ गुणिले रोटरची सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग, असा. १६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर १५०० आरपीएम म्हणजे जवळपास ४०० जी. १० सेंमीच्या रोटरवर तेच १५०० लावले तर जोर फक्त २५० जी. तिथे १,९०० आरपीएम लागतील. वहीत नेहमी जी लिहा.

उत्तर येतं, पण चुकीचं

प्रयोग फसला तर निदान कळतं. चुकीच्या कारणाने यशस्वी झालेला प्रयोग दोन वर्षं खातो. इम्युनॉलॉजीत याचं पहिलं कारण एंडोटॉक्सिन. ई. कोलायमध्ये बनवून शुद्ध केलेलं प्रथिन मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) टाकलं, टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन वाढलं, आणि प्रथिन दाह निर्माण करतं असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात प्रथिनाबरोबर आलेल्या लिपोपॉलिसॅकराइडने (एलपीएस, हेच ते एंडोटॉक्सिन), म्हणजे जिवाणूच्या भिंतीतल्या तुकड्याने, ते काम केलेलं असू शकतं. मॅक्रोफेजना त्याचा अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. म्हणून तीन नियंत्रणं ठेवा. प्रथिन अर्धा तास उकळून वापरा: प्रथिन बिघडतं, एलपीएस टिकतं, आणि टीएनएफ तरीही वाढलं तर संशय घ्या. दुसरं, पॉलिमिक्सिन बी घालून बघा, ते एलपीएसला बांधून ठेवतं. तिसरं, एलपीएस ओळखणारं टीएलआर४ निकामी असलेल्या पेशी वापरा. याखेरीज एलएएल चाचणीने एंडोटॉक्सिन मोजून आकडा पेपरमध्ये द्या.

दुसरं कारण मायकोप्लाझ्मा, पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारा अतिशय लहान जिवाणू. तो साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, पण पेशींचे सायटोकाइन (संदेशवाहक प्रथिनं) बदलतो. प्रत्येक नव्या सेल लाइनची आल्याबरोबर आणि मग दरमहा पीसीआर चाचणी करा. निकाल येईपर्यंत नवी लाइन वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

तिसरं, घड्याळ. माणसाच्या रक्तातले लिम्फोसाइट सकाळी कॉर्टिसॉल चढलेलं असताना कमी आणि रात्री जास्त असतात. रुग्णांचं रक्त ओपीडीत सकाळी नऊला आणि निरोगी लोकांचं रक्त लॅबमध्ये संध्याकाळी पाचला घेतलं, तर दिसलेला फरक आजाराचा की वेळेचा, ते सांगता येणार नाही. सगळे नमुने दोन तासांच्या एका पट्ट्यात घ्या आणि वेळ लिहून ठेवा.

चौथं, संख्या. एकाच उंदराच्या पेशी कल्चर प्लेटच्या तीन विहिरींत (खळग्यांत) टाकल्या म्हणून 'एन' (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीन होत नाही, तो एकच. एकाच पिंजऱ्यात राहणारे उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होतात, आणि त्यांचा प्रतिकार आतड्यातल्या जिवाणूंवरही अवलंबून असतो. एक गट एका पिंजऱ्यात आणि दुसरा दुसऱ्यात असं ठेवलंत तर तुम्ही पिंजरे मोजता, औषध नाही. दोन्ही गट पिंजऱ्यांमध्ये विभागा.

फ्लो सायटोमेट्रीबद्दल थोडक्यात: मेलेल्या पेशी अँटिबॉडी उगाच चिकटवून घेतात, म्हणून जिवंत-मृत ओळखणारा डाय प्रत्येक ट्यूबमध्ये हवा. एफसी ब्लॉक (अँटिबॉडीला भलतीकडे चिकटू न देणारं द्रव्य), प्रत्येक रंगाचं एकट्याचं नियंत्रण, आणि जिथे पॉझिटिव्हची सीमा धूसर आहे तिथे तो एक रंग सोडून बाकी सगळे रंग असलेलं नियंत्रण, म्हणजे एफएमओ, हेही हवं. नवी अँटिबॉडी आली की पाच-सहा वेगवेगळ्या प्रमाणांत वापरून योग्य मात्रा काढा. कंपनीने सुचवलेल्या मात्रेपेक्षा बरेचदा कमी पुरते आणि पैसे वाचतात.

वहीत लॉट नंबर लिहायला विसरू नका. सीरमचा लॉट बदलला की टी-पेशींची वाढ बदलते, आणि सहा महिन्यांनी कारण शोधताना तोच एक धागा हाताला लागतो. मूळ फ्लो फाइल दोन ठिकाणी साठवा, त्यांतली एक लॅबबाहेर.

एमबीबीएस झालेल्यांसाठी

शिकत असतानाच आयसीएमआरचा दोन महिन्यांचा एसटीएस प्रकल्प करून बघा. संशोधन आवडतं का, हे तेवढ्यात कळतं. नंतर नीट-पीजीतून एमडी फिजिऑलॉजी हा शिकवण्याचा आणि संशोधनाचा सरळ रस्ता आहे. ही जागा कमी रँकला मिळते म्हणून तिच्याकडे कमीपणाने पाहू नका. रुग्ण, नमुने आणि प्रश्न हाताशी असलेला माणूस एमएस्सी-पीएचडीवाल्यापेक्षा वेगळं काम करू शकतो, आणि दोघांनी मिळून केलेलं काम उत्तम होतं. बिगरवैद्यकीय पीएचडीधारकांना वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवायच्या किती जागा मिळतात हे एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमांत वारंवार बदललं आहे. फक्त त्या नोकरीवर भिस्त ठेवून फिजिऑलॉजीत पीएचडीला जाणार असाल तर आधी ताजं राजपत्र वाचा.

पीएचडीनंतर

पोस्टडॉकची शोधाशोध थीसिस जमा करण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला पीएचडीपासून आठ वर्षांची मर्यादा आहे, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. भारतात रिसर्च असोसिएटशिप दरमहा ५८,००० रुपयांपासून सुरू होते. पोस्टडॉकला पीएचडीचाच प्रश्न नव्या देशात पुढे चालवू नका. तंत्र तरी बदला किंवा प्रश्न तरी, कारण परत येऊन मुलाखत देताना 'तुमचं स्वतःचं काय?' हेच विचारलं जातं.

परतण्यासाठी बायोटेक्नॉलॉजी विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप, इन्स्पायर फॅकल्टी आणि इंडिया अलायन्स हे नेहमीचे मार्ग. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, आयसरमध्ये १,०१,५०० पासून. पगारापेक्षा लॅब उभी करायला किती पैसे आणि किती चौरस फूट मिळणार, हे नेमणुकीचं पत्र स्वीकारण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा विभागप्रमुख दोन वर्षांत बदलतो.

लॅब मिळाल्यावर पहिली खरेदी उणे ८० अंशांच्या फ्रीझरची असते. तो जनरेटरच्या लाइनवर आहे ना, हे स्वतः वीज बंद करून तपासा. तापमान चढलं की मोबाइलवर कळवणारा अलार्म बसवा आणि त्यात लॅबमधल्या दोघांचे तरी नंबर घाला. प्रत्येक नमुन्याच्या दोन कुप्या करून त्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रव्यात) दर मिनिटाला एक अंश या गतीने थंड करून आठवड्याभरात द्रवरूप नायट्रोजनमध्ये हलवा, कारण उणे ८० ला त्या काही महिन्यांतच क्षीण होत जातात. प्राण्यांच्या परवानगीचा अर्ज आणि पहिल्या अनुदानाचा प्रस्ताव याच महिन्यात पाठवा. दोन्हींची उत्तरं यायला वेळ लागतो, आणि पहिला विद्यार्थी रुजू होईल तेव्हा त्याच्या हाताला काम हवं.